उन्हाळी नुसती उन्हाने लागत नाही

लघवीला जळजळ झाली, थेंब-थेंब होऊ लागली, की आपल्याकडे एकच शब्द निघतो: उन्हाळी लागली. मग धन्या-जिऱ्याचं पाणी, सब्जा, कुणाकडे ताक. यवतमाळच्या मे महिन्यात, पारा ४४-४५ अंशांवर गेलेला असताना, हा शब्द पटतोही. पण हीच उन्हाळी त्याच बाईला दिवाळीनंतर कापूस वेचताना लागते, पौषातल्या थंडीतही लागते, आणि तेव्हाही तिचं नाव बदलत नाही. नावातच ऊन आहे, म्हणून दोषही उन्हाच्याच माथी जातो.

उन्हाचा वाटा आहेच. घाम फार गेला आणि पाणी कमी पडलं की मूत्रपिंडं पाणी राखून ठेवतात. लघवी थोडी आणि गडद होते, तेवढ्यानेही चरचरते. पोटभर पाणी प्यायलं की ही चरचर ओसरते. जी ओसरत नाही, दर थोड्या वेळाने घाई लावते, ओटीपोटात दुखवते, ती बहुतेकदा जंतूंमुळे असते. यातला मुख्य जंतू ई. कोलाय. थिओडोर एशेरिच या डॉक्टरने १८८५ साली त्याचं वर्णन केलं. एरवी तो आपल्या आतड्यात निमूट राहतो. बाईच्या शरीरात गुदद्वार आणि मूत्रमार्गाचं तोंड अगदी जवळ, आणि मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटीमीटर लांब. पुरुषाचा १८ ते २० सेंटीमीटर. जगातल्या जवळपास निम्म्या बायांना आयुष्यात एकदा तरी हा संसर्ग होतो. त्यामुळे ‘स्वच्छ राहत नसेल’ हा टोमणा अन्यायाचा आहे. उलट आतून साबण किंवा जंतुनाशक लावून धुणाऱ्या बाया योनीतले राखणदार जंतू घालवून बसतात.

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा संसर्ग झाला, तर डॉक्टर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात. तो का परततो? ई. कोलायच्या अंगावर केसांसारखे तंतू असतात. त्यांच्या टोकाचं प्रथिन मूत्राशयाच्या अस्तरावरच्या मॅनोज नावाच्या साखरेला धरतं. लुगड्याला कुसळ रुतावं, तसा जंतू तिथे रुततो. काही जंतू तर अस्तराच्या पेशींत शिरून वस्ती करतात. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या संशोधकांनी उंदरांच्या मूत्राशयात हे दाखवून दिलं. औषधाने लघवी स्वच्छ झाली तरी आतला साठा कधीकधी उरतो.

शरीराचं साधं आणि जुनं हत्यार म्हणजे लघवीची धार. ती जंतू वाहून नेते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत बल्गेरियातल्या १४० स्त्रिया होत्या. सगळ्यांना वारंवार संसर्ग व्हायचा आणि सगळ्या पाणी कमी प्यायच्या. निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. नुसत्या पाण्याने!

आता हे पाणी यवतमाळच्या वावरात नेऊन पाहा. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. तास सोडून बाई बाजूला गेली, की तेवढा कापूस कमी भरतो. बाजूला जायचं तरी कुठे? धुऱ्यावर आडोसा नाही, आसपास गडीमाणसं. घरोघरी संडास झाले, पण तिचा दिवस घरात जातच नाही. म्हणून ती सकाळपासून पाणीच बेताने पिते आणि लघवी संध्याकाळपर्यंत दाबून धरते. हा तिचा अडाणीपणा नाही, हा तिचा हिशेब आहे, आणि तो करायची वेळच येऊ नये यासाठी चार बांबू, एक ताडपत्री आणि एक माठ एवढं मालकाने करायला हवं. (जिल्ह्यात काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथे ‘भरपूर पाणी प्या’ म्हणण्याआधी पाणी कुठलं, हेही विचारावं लागतं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांनाच विचारावं.)

मेडिकलवरून दोन गोळ्या आणायच्या आणि जळजळ थांबली की उरलेल्या डब्यात ठेवायच्या, ही सवय मात्र मोडायलाच हवी. आपल्या देशात ई. कोलाय अनेक नेहमीच्या औषधांना दाद देईनासा झाला आहे. १९५३ साली बाजारात आलेलं नायट्रोफ्युरँटॉइन अजूनही पुष्कळ ठिकाणी लागू पडतं. पण आपल्याला लागू पडेल का, ते लघवीचं कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून केलेली तपासणी, सांगतं. दुखणं परत परत येत असेल, तर पहिली गोळी घेण्याआधी लघवीचा नमुना द्यावा. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ही तपासणी होते. त्रास काहीच नसताना नुसते जंतू दिसले, तर बहुतेकांना औषध लागत नाही. गरोदर बाईला मात्र लागतं. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलट्या, ही मूत्रपिंडापर्यंत संसर्ग पोचल्याची खूण. तेव्हा धन्याचं पाणी पीत घरी बसू नये.

पाळी गेल्यानंतर हे दुखणं का वाढतं, याचं उत्तर इस्ट्रोजेन या संप्रेरकात आहे. ते आटलं की योनीतले लॅक्टोबॅसिलस नावाचे राखणदार जंतू कमी होतात, आम्लता उतरते आणि ई. कोलायला वाट मोकळी होते. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाळी गेलेल्या ९३ स्त्रियांपैकी काहींना योनीत लावायचं इस्ट्रिऑलचं, म्हणजे इस्ट्रोजेनच्याच एका प्रकाराचं, मलम दिलं. त्यांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा संसर्ग झाला, औषध नसलेलं मलम मिळालेल्यांना ५.९ वेळा. आपल्याकडच्या किती सासवांना या मलमाबद्दल कुणी सांगितलं असेल?

दुसरं दुखणं याहून मुकं. खोकलं, शिंकलं, गाठोडं उचललं की लघवी सुटते. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये तो अभ्यास आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. तो अभ्यास लघवी सुटण्याचा नव्हता, पण बाया काय काय गिळून बसतात ते त्याने उघडं केलं. लघवी सुटणारी बाई ते सांगत नाही. ती पाणी आणखी कमी करते. मग लघवी दाट होऊन मूत्राशय चिडतं, संसर्गाला वाव मिळतो, संसर्गाने घाई वाढते आणि घाईत पुन्हा सुटते. ही दोन दुखणी अशी एकमेकांच्या हातात हात घालून येतात.

मूत्राशय, गर्भाशय, मलाशय यांना खालून झोळीसारखे स्नायू तोलून धरतात. बाळंतपणं, ओझी, जुना खोकला यांनी ती झोळी सैल होते. अमेरिकेतल्या अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली तिला व्यायाम देता येतो हे मांडलं. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यानुसार खोकताना-उचलताना सुटणाऱ्या लघवीवर हा व्यायाम करणाऱ्यांपैकी ५६ टक्के बऱ्या झाल्याचं सांगतात, न करणाऱ्यांपैकी ६ टक्के. वायू रोखताना जे स्नायू आवळतो तेच आवळायचे. पोट-मांड्या सैल, श्वास चालू. काही क्षण धरायचं, तेवढाच वेळ सोडायचं. असं आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. अंग बाहेर येत असेल किंवा लघवीतून रक्त जात असेल, तर आधी डॉक्टर.

या व्यायामाला आडोसा लागत नाही. तासात उभं राहून, बोंडाकडे हात जात असतानाही तो होतो, शेजारणीला कळतसुद्धा नाही. आणि संध्याकाळी वजनकाट्याकडे गाठोडं न्यायची वेळ आली, की आधी आवळायचं, मग उचलायचं.