वाल्डेमार हाफकिन

वाल्डेमार हाफकिन (१५ मार्च १८६० – ऑक्टोबर १९३०) हे पटकी (कॉलरा) आणि प्लेग या दोन्ही रोगांवर प्रतिबंधक लस तयार करणारे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. मुंबईतील परळ येथील हाफकिन संस्थेला त्यांचेच नाव देण्यात आले आहे.

रशियन साम्राज्यातील एका ज्यू कुटुंबात जन्मलेल्या हाफकिन यांनी ओडेसा येथे इल्या मेचनिकॉव्ह यांच्या हाताखाली प्राणिशास्त्राचे शिक्षण घेतले. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांना आरंभी ग्रंथालयातील साहाय्यकाचे काम करावे लागले. जुलै १८९२ मध्ये पटकीची लस त्यांनी प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि १८९३ मध्ये ते कलकत्त्यास आले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ पसरल्यावर सरकारने त्यांना तेथे पाचारण केले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील तुटपुंज्या जागेत त्यांनी काम सुरू केले. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की त्यांच्या आधाराने प्लेगचे जंतू खाली लोंबत वाढतात, असे त्यांना आढळले. हे जंतू उष्णतेने मारून लस तयार होई. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी हीही लस स्वतःवरच आजमावली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात हलली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल (आता पाकिस्तानात) या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. चौकशी आयोगाने दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला व हाफकिन यांना संचालकपद गमवावे लागले. वस्तुतः बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. शिवाय धनुर्वाताचे जंतू परळपासूनच बाटलीत वाढत असते, तर लसीला दुर्गंधी यावयास हवी होती. उघडताना तशी ती आली नव्हती. एवढा साधा मुद्दा मान्य व्हायला मात्र वर्षे लागली. हिवतापावरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळविणारे रोनाल्ड रॉस हे त्यांच्या बाजूने उभे राहिले. जुलै १९०७ मध्ये रॉस व इतर सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांचे पत्र लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये प्रसिद्ध झाले आणि हाफकिन दोषमुक्त ठरले.

त्यानंतर ते भारतात परतले, परंतु नेमणूक कलकत्त्यास झाली. परळची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. निवृत्तीनंतर ते युरोपात राहिले. १९२५ मध्ये परळच्या त्या प्रयोगशाळेस ‘हाफकिन संस्था’ असे नाव देण्यात आले. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.