सार्वजनिक आरोग्य आणि नगररचना : एका जोडपदवीची ओळख

वैद्यकीय पदवीनंतर पुढे काय, या प्रश्नाची आपल्या घरांत ठरलेली उत्तरे आहेत : मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग, बालरोग. या यादीत न बसणाऱ्या एका अभ्यासक्रमाची ओळख करून देणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. सार्वजनिक आरोग्य आणि नगररचना या दोन विषयांच्या पदव्युत्तर पदव्या एकत्र घेण्याची सोय अमेरिकेतील काही विद्यापीठांत आहे. प्रथमदर्शनी ही जोडी विजोड वाटेल. परंतु पंचवीस वर्षांहून अधिक काळ बालरुग्ण तपासल्यानंतर मला ती अगदी स्वाभाविक वाटते.

जुलाबांनी कोमेजलेले बाळ आपल्याकडे येते. ओआरएस, झिंक आणि गरज पडल्यास सलाईन देऊन आपण त्याला बरे करतो. बरे झालेले बाळ त्याच घरी, त्याच नळाकडे परत जाते. वर्दळीच्या रस्त्यालगत राहणाऱ्या मुलाचा दमा नेब्युलायझरने तात्पुरता शमतो. खिडकीतून येणारा धूर तसाच राहतो. कित्येक आजारांचे मूळ वस्तीच्या मांडणीत असते आणि ती मांडणी ठरवणाऱ्या टेबलाशी डॉक्टर क्वचितच बसलेला असतो.

ही फारकत पूर्वी नव्हती. इंग्लंडमध्ये एडविन चॅडविक यांनी १८४२ मध्ये श्रमिकांच्या वस्त्यांतील आरोग्यावर अहवाल लिहिला आणि १८४८ मध्ये सार्वजनिक आरोग्याचा कायदा झाला. त्याचा मुख्य विषय होता पाणी, गटारे आणि घरे. १८५४ मध्ये डॉ. जॉन स्नो यांनी लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागातील कॉलऱ्याचा माग काढला आणि मृत्यूंच्या नोंदी नकाशावर मांडून पाण्याच्या एका पंपाकडे बोट दाखविले. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला, तेव्हा १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढणे आणि दादर-माटुंग्यासारख्या नव्या वसाहती आखणे ही त्याची कामे. पुढे जंतुशास्त्राची झेप मोठी झाली. आरोग्यशास्त्र प्रयोगशाळा, लस आणि दवाखाना यांकडे वळले. नगररचना जमिनीचा वापर, रस्ते आणि इमारतींत रमली. दोघांचेही कल्याण झाले, पण परस्परांशी बोलणे थांबले.

आपल्या इंदूरला मात्र या दोहोंच्या संगमाचा मोठा वारसा आहे. होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून पॅट्रिक गेडिस येथे आले आणि १९१८ मध्ये त्यांनी शहराविषयीचा दोन खंडांचा अहवाल सादर केला. गेडिस मूळचे जीवशास्त्रज्ञ, टी. एच. हक्सले यांचे विद्यार्थी. आधी निदान, मग उपचार, हे वैद्यकाचे सूत्र त्यांनी शहराला लावले. सरसकट पाडापाडीला त्यांचा विरोध असे; शक्य तेवढे राखून आवश्यक तेवढेच काढणाऱ्या शस्त्रक्रियेची उपमा ते देत. प्लेगने त्रस्त असलेल्या या शहरात त्यांनी दिवाळीच्या सुमारास मिरवणूक काढविली. तीत प्लेगच्या उंदराची प्रतिमा होती आणि सफाई कामगारांना सन्मानाने स्थान होते. ज्या मार्गावरील रहिवाशांनी घरे व रस्ते अधिक स्वच्छ केले, तो मार्ग मिरवणुकीला मिळाला. पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात ते समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले.

त्याच इंदुरात, राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणात २०१७ पासून अग्रभागी राहिलेल्या शहरात, डिसेंबर २०२५ च्या अखेरीस भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि अतिसाराच्या साथीत माणसे दगावली. झाडलेला रस्ता डोळ्यांना दिसतो; जमिनीखालची जलवाहिनी दिसत नाही. गल्लीनिहाय जुलाबाचे रुग्ण, पाण्याला वास येत असल्याच्या तक्रारी, जलवाहिनीचे वय आणि शेजारून जाणारे गटार या चार गोष्टी एकाच नकाशावर मांडल्या, तर कोणती वाहिनी आधी बदलावी हे साथीपूर्वीच सांगता येते. पहिली गोष्ट डॉक्टरांना ठाऊक असते, उरलेल्या नगरपालिकेच्या वेगवेगळ्या कक्षांना. त्या एकत्र वाचणारी व्यक्ती घडविणे, हेच या जोडपदवीचे प्रयोजन होय.

तिचे स्वरूप साधारणतः असे असते. दोन्ही पदव्या स्वतंत्रपणे घेतल्यास चार वर्षे लागतात. एकत्रित अभ्यासक्रमात काही विषय दोन्हीकडे धरले जातात, त्यामुळे सुमारे तीन वर्षांत दोन्ही मिळतात. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अशी व्यवस्था आहे. आरोग्याच्या बाजूने साथरोगशास्त्र, जीवसंख्याशास्त्र, पर्यावरणीय आरोग्य आणि आरोग्यधोरण. नगररचनेच्या बाजूने जमीन-वापर, वाहतूक, गृहनिर्माण, नियोजनाचे कायदे आणि संगणकीय नकाशाशास्त्र. नवा उड्डाणपूल अथवा वसाहत मंजूर होण्यापूर्वी तिचे आरोग्यावर होणारे परिणाम अजमावण्याची पद्धत हा दोहोंना जोडणारा दुवा.

आपल्या देशात ही शास्त्रे बहुधा वेगवेगळ्या संस्थांत शिकविली जातात. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत, तसेच मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण मिळते; नगररचनेसाठी भोपाळचे योजना व वास्तुकला विद्यालय आणि अहमदाबादचे सेप्ट विद्यापीठ आपल्याला जवळचे. आरोग्याच्या अभ्यासक्रमाची दारे अनेक ठिकाणी अभियंते आणि समाजशास्त्राच्या पदवीधरांनाही खुली असतात. नगररचनेला मात्र प्रामुख्याने वास्तुशास्त्र, नियोजन, स्थापत्य अभियांत्रिकी, भूगोल, अर्थशास्त्र अशी पार्श्वभूमी लागते. म्हणून घरात स्थापत्य अभियंता वा वास्तुविशारद असलेल्या पालकांनीही या वाटेचा विचार करावा; ती केवळ डॉक्टरांच्या मुलांसाठी नाही.

एक स्पष्ट सांगितले पाहिजे. या वाटेवर स्वतःचे रुग्णालय उभे राहत नाही आणि दारावर पाटीही लागत नाही. काम महापालिका, संशोधन संस्था, सल्लागार कंपन्या आणि स्वयंसेवी संस्थांत असते. यश आले तर ते न झालेल्या साथीच्या रूपाने येते आणि त्याबद्दल आभार मानायला कोणी येत नाही. तरीही एखाद्या मुलाने वा मुलीने ही इच्छा बोलून दाखविली, तर तिला ‘प्रॅक्टिसचे काय?’ या प्रश्नाने गप्प करू नये, अशी माझी वैद्यकबंधू-भगिनींना विनंती आहे.

तोपर्यंत आपल्या हाती एक साधी गोष्ट आहे. जुलाब, कावीळ आणि विषमज्वराच्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर वयाबरोबर त्याची गल्ली आणि पिण्याच्या पाण्याचा स्रोत लिहावा. एका आठवड्यात एकाच गल्लीचे तीन रुग्ण दिसले, तर आरोग्य विभागाला त्याच दिवशी कळवावे. स्नो यांच्या नकाशाचा कच्चा माल याहून वेगळा नव्हता.