नाणे मोजावे की माणूस?

जोयडा तालुक्याच्या पश्चिम कडेला, जेथून अनमोडचा घाट गोव्यात उतरतो, त्या बाजूच्या एका वाडीत गेल्या पावसाळ्याआधी मी एका बैठकीला बसलो होतो. विषय साधाच होता: पीक पोटरीला आले म्हणजे रानडुकरांपासून रात्रीची राखण कोणी आणि कोणत्या पाळीने करावी. देवळाच्या सोप्यात बसलेल्या बारा घरांच्या कर्त्यांपैकी अकरा जण राजी झाले. बारावा म्हातारा मात्र अडकित्त्याने सुपारी कातरता कातरता, मान वर न करता, ‘म्हाका नाका’ एवढेच म्हणाला. बैठक मोडली नाही, पण ठरावही झाला नाही; पुढच्या सोमवारी पुन्हा बसायचे ठरवून मंडळी उठली.

त्याच म्हाताऱ्याचा, पणजीत संगणकाचे काम करणारा नातू रेंज मिळते म्हणून सोप्याच्या टोकाला उभा होता. आपणही आत्ताच एका संस्थेत मत देऊन मोकळे झालो, असे म्हणून त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. त्या संस्थेला कचेरी नाही, अध्यक्ष नाही, आणि तिच्या एकाही सभासदाचे तोंड त्याने पाहिलेले नाही. त्याची नाणी चाळीस आणि ठरावाच्या बाजूने पडलेली मते लाखांच्या घरात. ‘दर्यामें खसखस,’ तो हसून म्हणाला.

अशा संस्थेला ‘डाओ’, म्हणजे विकेंद्रित स्वायत्त संस्था, असे नाव आहे. तिची खतावणी एका दप्तरात नसून जगभरच्या हजारो यंत्रांवर एकाच वेळी लिहिली जाते, आणि प्रत्येक नव्या पानावर मागच्या पानाचा गणिती ठसा उमटलेला असल्यामुळे जुन्या नोंदीत एका अक्षराची खाडाखोड केली तरी पुढचे सारे ठसे चुकतात व चोरी तत्क्षणी उघडी पडते. संस्थेचे नियमही संगणकाच्या आज्ञावलीत लिहिलेले असतात, त्यास ‘स्मार्ट करार’ म्हणतात. ठरावाला आवश्यक मते मिळाली की खजिन्यातील रक्कम कोणाच्या सहीशिक्क्यावाचून आपोआप हलते. कारकुनाची दिरंगाई आणि लाचलुचपत यांना कंटाळलेल्या माणसाला हे रामराज्य वाटावे, यात नवल नाही.

या रामराज्याची पहिली मोठी परीक्षा 2016 साली झाली. ‘द डाओ’ याच नावाच्या संस्थेत काही आठवड्यांत सुमारे 15 कोटी डॉलर किमतीचे इथर हे नाणे जमा झाले; 17 जून रोजी कोणा अज्ञाताने तिच्या आज्ञावलीतील एक फट हेरून त्यातील 36 लाख इथर बाहेर काढले. फट अशी होती की, यंत्र आधी पैसे देई आणि मग खात्यातून वजा करी. या दोन क्रियांच्या मधल्या क्षणात तीच मागणी पुन:पुन्हा केली की तेच पैसे पुन:पुन्हा मिळत. लिहिलेला करार हाच कायदा असेल, तर त्या माणसाने काही बेकायदा केले काय, असा पेच पडला. अखेर 20 जुलै रोजी इथेरियमच्या, म्हणजे इथर ज्यावर चालते त्या यंत्रजाळ्याच्या, बहुसंख्य चालकांनी खतावणीच बदलून पैसे परत फिरवले. ज्यांना ते मान्य नव्हते त्यांनी जुनी खतावणी ‘इथेरियम क्लासिक’ या नावाने पुढे चालवली. भाऊबंदकीत घर वाटले जाते तशी ही वाटणी झाली, आणि यंत्राच्या मागे शेवटी माणसेच बसलेली असतात हे त्या दिवशी कळून चुकले.

नाणे मोजावे की माणूस, हा पेच घाटाखाली फार जुना आहे. गोव्यातील गावकरी, जिला पोर्तुगीजांनी ‘कोमुनिदाद’ म्हटले, ही जमीन, खाजणे, बांध आणि तळी सामाईक मालकीने सांभाळणारी संस्था पोर्तुगीजांच्याही आधीची. त्यांनी 1526 साली तिसवाडीतील गावांची वहिवाट ‘फोराल’ या दस्तात लिहून घेतली, म्हणून तिचा तपशील आज वाचावयास मिळतो. गावाच्या मूळ वसाहतकारांची कुळे म्हणजे ‘वांगड’. सभेचा ठराव एकमताने व्हावा असा शिरस्ता, आणि एकाही गावकाराने ‘नाका’ म्हटले तर तो अडे. शेते पावणीने, म्हणजे लिलावाने, खंडाला दिली जात, कुळकर्णी जमाखर्च लिही, आणि सरकारदेणे व बांधदुरुस्ती वजा जाता जी शिल्लक राही तिच्यातून पुढे गावकारांना ‘झोण’ वाटला जाऊ लागला. हा झोण पुरुष वारसांनाच मिळे, ही त्या व्यवस्थेतील उघड खोट होती. तिचे समर्थन करण्याचा माझा मनोदय नाही.

पण या लेखापुरती महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. पुढे पुष्कळ कोमुनिदादींत विकता येण्याजोगे वाटे निर्माण झाले, आणि जन्माने गावकार असलेल्यांच्या शेजारी केवळ वाटा धारण करणारे ‘खुंटकार’ येऊन बसले. गावकारपण विकता येत नसे, वाटा मात्र बाजारात जाई. म्हणजे एकाच संस्थेत मोजण्याची दोन मापे झाली, एक माणसाचे आणि एक भांडवलाचे. आजचा डाओ बहुधा दुसऱ्या मापावर उभा असतो: एक नाणे, एक मत. तेथे सारेच खुंटकार, गावकार कोणी नाही.

याचा परिणाम 17 एप्रिल 2022 रोजी ‘बीनस्टॉक’ या संस्थेने भोगला. तिच्या नियमात दोनतृतीयांश मते मिळाल्यास ठराव तातडीने अमलात आणण्याची सोय होती. हल्लेखोराने आदल्या दिवशी दोन ठराव मांडून ठेवले, त्यांतला एक युक्रेनला मदत देण्याचा, आणि मुदत भरताच ‘फ्लॅश लोन’ घेतले. हे कर्ज तारणावाचून मिळते, कारण ते त्याच व्यवहारात फेडावेच लागते. न फेडल्यास सारा व्यवहार जणू घडलाच नाही असा रद्द होतो. काही सेकंदांच्या या सावकारीत त्याने सुमारे 100 कोटी डॉलर उचलले, त्यांच्या जोरावर दोनतृतीयांशाहून अधिक मते मिळवली, आपलाच ठराव मंजूर केला, खजिना आपल्या खात्यात वळवला आणि कर्ज फेडून टाकले. संस्थेचे नुकसान 18 कोटी डॉलरच्या वर गेले. नियमाचा भंग कोठेही झाला नाही. मतदार तेवढा उसना होता.

यावर उपाय सुचवले गेले आहेत. ठराव आणि अंमल यांत काही दिवसांचे अंतर ठेवणे हा सर्वांत सरळ उपाय, आणि आमच्या वाडीतला ‘पुढचा सोमवार’ तरी दुसरे काय आहे? दुसरा अधिक चतुर उपाय वर्गमुळाचा: ज्याच्याजवळ 100 नाणी त्याला मते 10, ज्याच्याजवळ 10,000 त्याला 100, म्हणजे संपत्ती शंभरपट झाली तरी वजन दहापटच वाढते. कागदावर हे सुरेख आहे. परंतु त्या 100 नाण्यांच्या मालकाने एकेका नाण्याची 100 पाकिटे, म्हणजे वेगवेगळी खाती, केली, तर त्याला मते 10 ऐवजी 100 पडतात, आणि पाकिटे करावयास खर्च जवळजवळ काहीच नाही. दुबार मतदाराला आपल्याकडे निदान शाईचे बोट लपवावे लागते. येथे बोटच नाही. कोणते पाकीट कोणाचे हे ओळखायचे, तर कोणीतरी माणसांची यादी ठेवावी लागणार, आणि यादी ठेवणारा आला की दप्तर आले, कुळकर्णी आला, त्याच्यावरचा विश्वासही आला. ज्याला टाळण्यासाठी एवढा खटाटोप केला, तोच मागल्या दाराने ओसरीवर येऊन बसतो.

पुढच्या सोमवारी मी मुद्दाम गेलो. म्हाताऱ्याची हरकत काय होती, ते तेव्हा कळले: त्याचे शेत सर्वांत वर, रानाला लागून असल्यामुळे डुकरे आधी तेथेच शिरतात, तेव्हा माळा त्याच्या बांधावर बांधला जाणार असेल तर त्याची ना नव्हती. माळ्याची जागा दोन बांध वर सरकली आणि ठराव झाला. नातू त्या दिवशी पणजीला परतला होता. त्याची पाळी म्हाताऱ्याने आपल्या नावावर लावून घेतली.