तेराचं फॅक्टोरियल

पहिल्या वर्षाच्या लॅबमध्ये दरवर्षी मी एक खोडी काढते. फॅक्टोरियलचा प्रोग्राम सगळ्यांचा चालायला लागला की बाराचं उत्तर काढायला सांगते. ४७,९०,०१,६०० येतं. मग म्हणते, ‘‘आता तेरा टाका.’’ पडद्यावर आकडा उमटतो : १,९३,२०,५३,५०४. बॅचमधली वीस मुलं तो निमूटपणे ‘आउटपुट’ म्हणून फाइलमध्ये उतरवून घेतात.

यंदा कोपऱ्यातल्या मशीनवरून आवाज आला, ‘‘मॅडम, चौदाचं उत्तर तेरापेक्षा कमी येतंय.’’

‘‘तुला चौदा कुणी टाकायला सांगितलं?’’

‘‘असंच टाकून बघितलं. पण वाढायला पाहिजे ना?’’

वाढायलाच पाहिजे. तेराचं खरं फॅक्टोरियल ६,२२,७०,२०,८०० आहे. पण ‘इंट’ नावाच्या डब्यात आमच्या मशीनवर ३२ बिट मावतात, म्हणजे जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७. जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा काटा ९९९९९ नंतर पुन्हा शून्यावर यायचा, तसंच इथं होतं. कुठं लाल अक्षरं नाहीत की इशारा नाही. खरं तर चौदापर्यंत जायचीही गरज नव्हती. एक ते तेराच्या गुणाकारात पाच आहे, दहा आहे, मग उत्तराच्या शेवटी शून्य नको का? पण कॉम्प्युटरनं दिलेल्या आकड्याकडे तसं कुणी बघत नाही.

ॲडमिशनच्या दिवसांत पालक विचारतात, ‘‘मॅडम, तुमच्याकडे जावा शिकवतात का? पायथन शिकवतात ना?’’ शिकवतो. पण भाषा सहा महिन्यांत येते. बाकीची साडेतीन वर्षं मुलं चुकांच्या मागावर असतात, आणि वर्ष बदलतं तशी चुकांची जात बदलते.

पहिल्या वर्षाच्या चुका आरडाओरडा करतात. मुलगी अकराव्या ओळीत महिरपी कंस बंद करायला विसरते आणि कम्पायलर बोट ठेवतो शेवटच्या ओळीवर. ती शेवटची ओळ पाच वेळा पुसून लिहिते, मग रडकुंडीला येऊन हात वर करते. मी जाते आणि एवढंच म्हणते, ‘‘काय लिहिलंय ते मोठ्यानं वाच.’’ मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना ही इंग्रजी वाक्यं सुरुवातीला शिव्यांसारखी वाटतात. तीच वाक्यं तीसेक असावीत, आलटूनपालटून येणारी. दिवाळीपर्यंत पाठ होतात.

दुसऱ्या वर्षी डेटा स्ट्रक्चर येतं. इथं प्रोग्राम मुकाट कम्पाइल होतो आणि चालता चालता कोसळतो. ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ एवढे दोनच शब्द, बाकी काही नाही. लिंक्ड लिस्ट शिकवताना मी मशीन बंद करायला लावते आणि पाच जणांना रांगेत उभं करते. प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर. आता दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे एक नवा घुसवायचा. दुसरा हमखास आपला हात काढून नव्याच्या खांद्यावर ठेवतो, आणि तिसरा, चौथा, पाचवा सुटतात. आपल्या डोळ्यांना ते तिघं दिसत असतात, पण प्रोग्रामपाशी त्यांचा पत्ता सांगणारा तो एकच हात होता. म्हणून आधी नव्यानं तिसऱ्याला धरायचं, मगच दुसऱ्यानं हात हलवायचा. कोडमध्ये या दोनच ओळी आहेत. त्यांची अदलाबदल झाली की अर्धी यादी गायब. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलांचा हात इथं सराईत चालतो. गणिताचा पेपर आला की मात्र तीच मुलं मागच्या रांगेत सरकतात.

तिसऱ्या वर्षापासून चुका गप्प होतात. खात्यात ५,००० रुपये आहेत. दोन एटीएमवरून एकाच क्षणी ३,००० काढायला सांगितले. दोघांनीही शिल्लक वाचली ५,०००, दोघांनीही पैसे दिले आणि दोघांनीही नवी शिल्लक लिहिली २,०००. सहा हजार बाहेर गेले, तरी खात्यात दोन हजार उरलेच. डेटाबेसच्या तासाला ‘ट्रान्झॅक्शन’ आणि ‘लॉक’ शिकवतात ते यासाठी. त्याच वर्षी ‘थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन’ येतं, त्यात कॉम्प्युटरला हातही लागत नाही. नुसते गोल, बाण आणि सिद्धता. ‘‘याचा नोकरीत काय उपयोग?’’ हा प्रश्न दर बॅच विचारते. अमुक कूटप्रश्न कोणत्याच प्रोग्रामला कधीही सुटणार नाही, हे पेन्सिलीनं सिद्ध करता येतं, हे कळल्यावर निदान दोघं-तिघं तरी सावरून बसतात.

डब्यात न मावलेला आकडा किती महाग पडतो, हेही मी सांगते. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियान ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत फुटलं. ६४ बिटांतला एक आकडा १६ बिटांत कोंबला गेला होता. तो कोड जुन्या एरियान ४ वरून जसाच्या तसा उचललेला होता, आणि तिथं तो बिनतक्रार चालत होता.

‘जसाच्या तसा उचललेला’ म्हटलं की वर्गात खसखस पिकते. कारण सबमिशनचा आठवडा. सीनियरच्या पेनड्राइव्हवरून आलेली फाइल अख्ख्या बॅचमधून फिरते. एकदा तर आत त्या सीनियरचं नावही तसंच राहिलं होतं. आता पेनड्राइव्हचीही गरज उरलेली नाही. एआयला विचारलं की स्वच्छ, नीटनेटका, चालणारा कोड मिळतो. मी त्याला बंदी घालत नाही, घालून उपयोगही नाही. ओरलला मात्र कोड पडद्यावर उघडते, मधली एक ओळ पुसते आणि विचारते, ‘‘आता काय होईल?’’ ज्यानं स्वतः धडपडून लिहिलंय तो डोळे मिटून का होईना, काहीतरी सांगतो. ज्यानं आणलंय तो ‘रन’च्या बटणाकडे हात नेतो.

चौथ्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये चौघांचा ग्रुप असतो. एक कोड लिहितो, एक पीपीटी करतो, एक रिपोर्ट बांधून आणतो आणि चौथा नाश्त्याचं बघतो. गिटवर कुणी कधी काय भर घातली याची तारीखवार नोंद राहते, त्यामुळे हल्ली चौथा लवकर सापडतो.

परवा पहिल्या वर्षाच्या फाइली तपासत होते. प्रत्येक प्रॅक्टिकलच्या शेवटी ‘कन्क्लुजन’ लिहायचं असतं आणि तिथं पिढ्यान्‌पिढ्या एकच वाक्य येतं, ‘दस वुई हॅव स्टडीड...’ पुढं त्या प्रॅक्टिकलचं नाव. एकोणीस फाइलींत तेच होतं. कोपऱ्यातल्या त्या मुलानं मोडक्या इंग्रजीत निराळं लिहिलं होतं : हा प्रोग्राम बारापर्यंतच बरोबर आहे.

मी तारीख घालून सही केली.