मिलिसेकंदाला दीड वीत

आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर धावतो. आता त्या सेकंदाचे हजार तुकडे करा आणि एकच उचला. एवढ्याशा वेळात आवाज किती पुढे सरकला? ३४ सेंटिमीटर, म्हणजे दीड वीत! इंटरनेटवरून एकत्र गायचं-वाजवायचं असेल, तर कुठलं सामान घ्यायचं आणि पैसे कशावर घालायचे, हे या दीड वितीच्या हिशेबावर ठरतं.

मैफलीत तबलजी गायकापासून दोन हातांवर बसतो. त्याच्या थापेचा नाद गायकाच्या कानी दोन-तीन मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. तोच तबला दहा मीटर लांब नेला, की उशीर २९ मिलिसेकंदांवर जातो आणि लय सैल पडू लागते. मोठ्या वाद्यवृंदाला संचालकाचा हात दिसावा लागतो, तो यासाठीच. प्रकाशाला असा उशीर होत नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस चाफे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची फार सुंदर तपासणी केली. दोन माणसं वेगवेगळ्या खोल्यांत बसवली, त्यांना मिळून टाळ्यांचा ठेका धरायला सांगितला आणि मधल्या तारेत मुद्दाम उशीर घातला. उशीर वाढला तशी लय मंदावली, हे अपेक्षितच. पण उशीर दहा-बारा मिलिसेकंदांहून कमी झाला, तेव्हा काय झालं असेल? लय चढू लागली! माणसं एकत्र वाजवताना आपोआप घाई करतात आणि थोडासा उशीर त्यांना सावरून धरतो. आपल्या कामाचा आकडा मात्र वरचा. २५ ते ३० मिलिसेकंदांच्या आत राहिलात, तर तालात वाजवता येतं.

हे मिलिसेकंद जातात कुठे? तुम्ही म्हणाल, अंतरात. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. पुणे ते मुंबई दीडशे किलोमीटर, म्हणजे एक मिलिसेकंदसुद्धा नाही. खरी वाट वळणावळणाची असते, मधली यंत्रं आपापला वेळ घेतात, तरीही घाट उतरण्यापेक्षा जास्त वेळ तुमच्या टेबलावर वाया जाऊ शकतो. आणि टेबल तर आपल्या ताब्यात आहे!

संगणक आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने घेतो, पण एकेक नमुना पुढे पाठवत नाही. गावाकडची वडापची जीप आठवा. गाडी भरल्याशिवाय हलत नाही. नमुन्यांचंही तसंच असतं आणि त्या जीपला म्हणतात बफर. ५१२ नमुन्यांची जीप भरायला जवळपास ११ मिलिसेकंद लागतात, १२८ नमुन्यांची २.७ मध्ये सुटते, ६४ची तर १.३ मध्ये. शिवाय आवाज आत जाताना एक जीप आणि बाहेर येताना दुसरी. मग सगळे सगळ्यांत छोटीच जीप का घेत नाहीत? कारण तितक्या जास्त फेऱ्या माराव्या लागतात, संगणक मागे पडतो आणि कानात चरचर सुरू होते.

विंडोजवर आवाजाची नेहमीची वाट लांबची असते. तिला वळसा घालणारी थेट वाट स्टाइनबर्ग या कंपनीने १९९७मध्ये काढली. तिचं नाव असिओ. म्हणून ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक आणि हेडफोन संगणकाला जोडणारी पेटी, घेताना दुकानदाराला पहिला प्रश्न विचारा: याचा स्वतःचा असिओ ड्रायव्हर आहे का? बेहरिंगर यूएमसी२०२एचडी किंवा फोकसराइट स्कार्लेट सोलो यांसारख्या साध्या पेट्यांना तो आहे. सेकंडहँड मिळाली तरी बिनधास्त घ्या. मॅकवर ही सोय आधीपासूनच असते.

यूएसबी माइक स्वस्त आणि मोहक खरा, पण त्याच्या पोटात स्वतःचं घड्याळ असतं: ठरावीक वेगाने थरथरणारा क्वार्ट्‌झचा कण. तुमचा इयरफोन लॅपटॉपला जोडलेला असेल, तर तिथे दुसरं घड्याळ. दोन घड्याळांत दहा लाखांत पन्नास भागांचा फरक असला, तरी सेकंदाला दोन-अडीच नमुने इकडेतिकडे होतात. मिनिटात १४४! म्हणजे दर मिनिटाला १२८ची एक अख्खी जीप जास्त तरी किंवा कमी तरी. उपाय सोपा आहे: माइक आणि हेडफोन एकाच पेटीला जोडा.

ब्लूटूथ हेडफोन तर ठेवूनच द्या. तो सहज दीडशे मिलिसेकंद खातो. मोजा बरं दीड वितीने. तबलजी पन्नास मीटरवर जाऊन बसला! साधा वायरचा, कान पूर्ण झाकणारा हेडफोन याहून कितीतरी सरस. वायफायचंही असंच. सरासरी वेग छान दिसतो, पण हवेत शेजाऱ्यांचीही गर्दी असते आणि आवाजाचं एखादं पाकीट मध्येच अडकतं. त्या उशिराच्या पाकिटासाठी बाकीच्यांना थांबवून ठेवावं लागतं. लॅनची केबल ही या यादीतली बहुधा सगळ्यांत स्वस्त वस्तू, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाची.

मीटिंगच्या ॲपवर तानपुरा का विरून जातो, याचं कधी नवल वाटलंय? अखंड, एकसारखा सूर म्हणजे पंख्याची घरघर असणार, असं समजून ते ॲप तो पुसून टाकतं. आपल्या संगीताचा पायाच गायब! व्होल्कर फिशर यांनी सुरू केलेलं जॅम्युलस हे मोफत सॉफ्टवेअर अशी पुसापुशी करत नाही. सगळ्यांचे आवाज एका सर्व्हरवर मिसळतात आणि परत येतात. गंमत म्हणजे इथे स्वतःचा आवाजही थेट ऐकायचा नाही, सर्व्हरवरून परत आलेलाच ऐकत गायचं. म्हणून इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरचं बटण बंद ठेवा. सर्व्हर मुंबईसारखा जवळचा निवडा.

माइक सगळ्यांत शेवटी. ४८ व्होल्टवर चालणारा कंडेन्सर माइक बारीकसारीक सगळं टिपतो, कुकरच्या शिट्टीसकट. घरात साधा डायनॅमिक माइक बरा. तो तोंडाजवळचं ऐकतो, लांबचं बरंचसं सोडून देतो.

आणि न्यू जर्सीतली मावशी? मुंबईपासून सुमारे १२,५०० किलोमीटर. काचेतून जाणाऱ्या प्रकाशालाच एका बाजूने ६२ मिलिसेकंद लागतात आणि ते कुठल्याही दुकानात कमी करून मिळत नाहीत. तिच्यासोबत द्रुत तीनतालाचा हट्ट धरू नका. आलापात मात्र हार्मोनियमची संगत गळ्याच्या मागूनच चालते. मावशीने गावं, तुम्ही हार्मोनियम धरावी. उशीर तिथे खपून जातो.

ताल धरायचा असेल, तर जोडीदार जवळच्या शहरातला शोधा. आधी केबल आणि वायरचा हेडफोन आणा, त्यावर वाजवून पाहा, आणि माइकसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांना त्यानंतरच हात लावा.