बीड जिल्ह्यातील जुन्या घरांची दुरुस्ती व पुनर्विक्री : नवख्या गुंतवणूकदाराचा हिशोब

प्रस्तावना

जुने घर विकत घ्यावयाचे, त्याची दुरुस्ती करावयाची आणि वाढीव किमतीस विकावयाचे, हा व्यवहार पगारदार वर्गालाही आकर्षक वाटतो. १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड-अहिल्यानगर रेल्वे सुरू झाल्यानंतर भाव वाढणारच, असे गृहीतकही त्याला जोडले जाते. प्रस्तुत लेखात बीड जिल्ह्याच्या संदर्भात या व्यवहारातील दुर्लक्षित खर्चांचा विचार केला आहे.

भिंत आणि माळवद

मराठवाड्यातील पारंपरिक घर म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती आणि लाकडी खणांवरील मातीचे माळवद. पावसाळ्यापूर्वी छतावर नवी पांढरी माती टाकण्याच्या प्रथेमुळे वर्षानुवर्षे त्याचा भार वाढत जातो. भिंतीचे आतील व बाहेरील दगडी थर आडव्या लांब दगडांनी एकमेकांस बांधलेले नसले तर धक्क्याने ते विलग होतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत झालेल्या जीवितहानीमागे हे बांधकाम एक प्रमुख कारण होते. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा व रंग दिल्यास घर नवे दिसते. बळकट होत नाही. नवख्याचा पैसा मात्र प्रथम रंगावर जातो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ नुसार विक्रेत्यास ठाऊक असलेला, परंतु खरेदीदारास सामान्य दक्षतेने न दिसणारा महत्त्वाचा दोष उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. गिलाव्याखाली झाकलेली भेग ही केवळ कारागिरीची बाब राहत नाही.

मालकीचे कागद

गावठाणातील घराचा नमुना ८ हा करआकारणीचा उतारा आहे, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. नगर भूमापन झालेल्या भागात मिळकत पत्रिका पाहावी. आजोबांच्या नावावरील वाड्यात विवाहित मुलींसह सर्व वारसांची संमती लागते. एका भावाची सही पुरेशी नाही. जिल्हा पूर्वी निजामाच्या राज्यात असल्याने जागा देवस्थान वा वक्फ इनामाची नाही, हेही तपासावे लागते.

हिशोब

समजा, घर २० लाखांस घेतले, दुरुस्तीस ५ लाख लागले आणि ते ३० लाखांस विकले. वरवर नफा ५ लाखांचा. खरेदीवेळचे मुद्रांक शुल्क, नोंदणी व वकील मिळून दीड लाख, १५ लाखांच्या कर्जावर १० टक्के सरळ व्याजाने १८ महिन्यांचे सव्वादोन लाख आणि विक्रीची दलाली ३० हजार धरली, तर ९५ हजार उरतात. विक्री सहा महिने लांबली की व्याजाचे आणखी ७५ हजार जातात. स्वतःच्या साडेअकरा लाखांवरील व्याज यात धरलेलेच नाही! बीडसारख्या ठिकाणी ही लांबण अपवादात्मक मानता येणार नाही. येथील बाजार पाऊस, कापूस आणि सोयाबीन यांच्याशी बांधलेला आहे. उन्हाळ्यात बांधकामास टँकरचे पाणी घ्यावे लागले तर खर्च आणखी वाढतो.

घर २४ महिन्यांच्या आत विकल्यास नफा अल्पमुदतीचा ठरून इतर उत्पन्नात मिळविला जातो. नव्या छतासारखा सुधारणाखर्च नफ्यातून वजा होऊ शकतो, पण पावत्या हव्यात. गवंड्यास रोख दिलेल्या, नोंद नसलेल्या रकमा येथे सिद्ध करता येत नाहीत. असे व्यवहार वारंवार केल्यास ते व्यापार मानले जाऊ शकतात. सेवानियम त्यास मुभा देतात का, हे नोकरदाराने इसार देण्यापूर्वीच पाहावे.