पुण्याचे दोशी, ऱ्हाईनकाठी

जर्मनीतलं वाइल आम ऱ्हाईन हे गाव स्वित्झर्लंडच्या बाझल शहराला अगदी खेटून आहे. १९८१मध्ये इथल्या व्हिट्रा कंपनीच्या खुर्च्यांच्या कारखान्याला मोठी आग लागली आणि नव्याने बांधताना कंपनीने जगभरच्या वास्तुविशारदांना हाताशी धरलं. झाहा हदीद यांची पहिली प्रत्यक्ष उभी राहिलेली इमारत इथलीच, आणि ती चक्क अग्निशमन केंद्र! कंपनीचं डिझाइन संग्रहालय फ्रँक गेरी यांचं, १९८९चं: पांढऱ्या भिंती वळतात, तिरक्या होतात, एकमेकींवर कलंडतात.

याच संग्रहालयात २०१९मध्ये वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं.

दोशी जन्माने पुणेकर, १९२७चे. घरात फर्निचरचा व्यवसाय. मुंबईत जे. जे.मध्ये वास्तुकलेचं शिक्षण, मग पॅरिसला वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिएंकडे उमेदवारी. प्रदर्शनातले नकाशे आणि मॉडेल्स पाहताना पाय अडतो तो इंदूरच्या ‘अरण्य’ वसाहतीपाशी. गरीब कुटुंबाला इथे तयार घर मिळत नसे. मिळे ते जोतं, संडास-न्हाणी आणि पाणी-विजेची सोय. पैसे जमतील तशी खोली चढवायची, जिना काढायचा, ओटा वाढवायचा. आपल्याकडच्या झोपडपट्टी पुनर्वसनाच्या टॉवरांपेक्षा ही कल्पना कितीतरी शहाणी.

अहमदाबादचं त्यांचं ऑफिस ‘संगाथ’ अर्धवट जमिनीत उतरलेलं. कमानदार छपरांवर चिनीमातीचे फुटके पांढरे तुकडे बसवलेत. ऊन परतवायचं आणि आत गारवा राखायचा, एवढा साधा हिशेब. हाताने लावलेले ते तुकडे, त्यामुळे कुठलीच ओळ सरळ नाही.

दोशींना वास्तुकलेतलं प्रिट्झकर पारितोषिक मिळालं २०१८मध्ये, नव्वदीत.